तीस मीटरवर एक टन : पवनचक्कीच्या पोलादी मनोऱ्याचं हातगणित

प्रश्न साधा आहे. पठारावर पवनचक्की उभी आहे. तिच्या पायथ्यापासून तीस मीटरवरून खाणीकडे जाणारा रस्ता आहे आणि त्यावरून अधूनमधून स्फोटकांची गाडी जाते. गाडीला अपघात झाला, माल उडाला, तर मनोरा उभा राहील का?

ही परिस्थिती मी रचलेली आहे, हे आधीच सांगतो. गाडी उडणं मात्र रचलेलं नाही. २० जानेवारी २०२२ रोजी घानातल्या आपियात्से गावाजवळ खाणीकडे स्फोटकं नेणाऱ्या ट्रकची मोटारसायकलशी टक्कर झाली आणि गाव भुईसपाट झालं. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या चार्लव्हिलजवळ, अमोनियम नायट्रेटचा ट्रक उलटून पेटला, उडाला आणि महामार्गावरचा पूल गेला. तिथे पवनचक्क्या नव्हत्या, एवढंच. आपल्याकडे स्फोटकांच्या वाहतुकीचे परवाने आणि सुरक्षित अंतरं पेसो या ज्या केंद्र सरकारी संस्थेच्या अखत्यारीत येतात, तिचं मुख्यालय नागपुरात आहे आणि नागपूरच्या आसपास या उद्योगाचा पसाराही मोठा आहे. तेव्हा मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नसावा.

मनोरा कुठला घ्यायचा? कंपन्या आपली ड्रॉइंग देत नाहीत. म्हणून जगभरचे अभ्यासक ज्यावर गणितं करतात तोच घेतला : अमेरिकेतल्या एनआरईएल या अक्षय ऊर्जेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये जाहीर केलेली ५ मेगावॉटची संदर्भ पवनचक्की. ती कुठेही उभी नाही, पण तिचा प्रत्येक आकडा उघड आहे. मनोरा ८७.६ मीटर उंच, हबची (पाती बसवलेल्या मधल्या तुंब्याची) उंची ९० मीटर. बुंध्याचा व्यास ६ मीटर, पत्र्याची जाडी सुमारे ३५ मिलिमीटर. शेंड्याला व्यास ३.८७ मीटर, जाडी सुमारे २५ मिलिमीटर. मनोऱ्याचं वजन ३४७ टन आणि डोक्यावर नॅसेल (जनित्र वगैरे ठेवलेली पेटी), हब, पाती मिळून ३५० टन. म्हणजे काठी जेवढी जड, तेवढंच जड तिच्या डोक्यावरचं गाठोडं. सहा मीटरचा बुंधा आपल्याकडच्या पवनचक्क्यांपेक्षा बराच जाड आहे. इथे तो साधारण सव्वाचार-साडेचार मीटरवर थांबतो, कारण तुकडे ट्रेलरवरून, पुलांखालून न्यावे लागतात. संदर्भ पवनचक्की मुळात समुद्रातल्या प्रकल्पांच्या अभ्यासासाठी आखलेली, त्यामुळे तिला ती अडचण नाही.

आता स्फोट. एक टन टीएनटी, जमिनीवर, तीस मीटरवर. एक टनच का, याला कारण आहे. भारतीय मानक आयएस ४९९१ सन १९६८ चं आहे. त्यातला तक्ता एक टनासाठीच दिलेला आहे आणि बाकीची वजनं घनमुळाच्या नियमाने त्यावर बसवायची आहेत. अंतर भागिले वजनाचं घनमूळ हा आकडा सारखा असेल, तर दाबही सारखा. हजार किलोचं घनमूळ दहा, त्यामुळे तोंडी हिशेबालाही सोयीचं.

त्या तक्त्यात तीस मीटरवर सरकत्या लहरीचा दाब सुमारे १.४ बार मिळतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). ती लहर वाटेत आडव्या आलेल्या भिंतीवर आपटून परतली की दाब होतो ४.२ बार, म्हणजे जवळपास ४२० किलोपास्कल. आणि हे सगळं आटोपतं साधारण १५ मिलिसेकंदांत. किंगरी आणि बुलमॅश यांच्या १९८४ च्या स्फोटदाबाच्या वक्रांवरून काढलं तर परावर्तित दाब थोडा कमी, साडेतीन बारच्या आसपास येतो. मी जास्तीचा आकडा घेऊन पुढे जातो.

४२० किलोपास्कल म्हणजे किती? आयईसी ६१४००-१ या पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात पहिल्या वर्गाच्या पवनचक्कीने पन्नास वर्षांतून एकदा येणारा ताशी २५० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ७० मीटरचा झोत सोसायचा असतो. त्या झोताचा दाब तीन किलोपास्कल. स्फोटाचा दाब त्याच्या १४० पट! हा आकडा ऐकून कुणीही म्हणेल की मनोरा गेला. मीही पहिल्यांदा तसंच म्हटलं असतं.

पण दाबाइतकाच वेळही महत्त्वाचा. या मनोऱ्याची पहिली नैसर्गिक वारंवारता ०.३२ हर्ट्झ आहे. म्हणजे एक झोका पुरा व्हायला तीन सेकंद लागतात. स्फोट पंधरा मिलिसेकंदांत संपतो, तोवर मनोऱ्याला कळलेलंही नसतं. देवळातल्या घंटेला हातोडीने टोला मारला तर घंटा लोंबकळून फारशी हलत नाही, पण अंगभर थरथरते. मनोऱ्याचं तसंच आहे. त्यामुळे इथे दाबाचा नाही, आवेगाचा हिशेब करायचा : दाब गुणिले वेळ. परावर्तित आवेग सुमारे २.२ किलोपास्कल-सेकंद येतो.

आधी झोक्याचं गणित, मुद्दाम मनोऱ्याच्या विरोधात झुकवून. गोल नळीऐवजी सपाट फळी धरली. लहर वळसा घालून मागून जो उलटा दाब देते तो सोडून दिला. वर जाताना अंतर वाढतं तेवढाच आवेग कमी केला. लहर वर तिरकी लागते याची सूट दिली नाही. एवढं करूनही शेंड्याला मिळणारा वेग येतो सेकंदाला तीसएक सेंटिमीटर आणि शेंडा सरकतो १६ सेंटिमीटर.

आता तुलना बघा. वारा सेकंदाला ११.४ मीटर झाला की ही पवनचक्की पूर्ण ५ मेगावॉट वीज देऊ लागते. अशा वेळी पात्यांवरचा रेटा सुमारे ८०० किलोन्यूटन असतो आणि तेवढ्याने शेंडा अर्धा मीटर मागे रेललेला असतो. तोही तासन्‌तास. म्हणजे बऱ्यापैकी वाऱ्याच्या कुठल्याही दुपारी शेंडा जितका झुकतो, त्याच्या एक-तृतीयांशच या स्फोटाने झुकेल.

इथे थांबलो असतो तर निष्कर्ष गोड झाला असता. बरेच जण इथेच थांबतातही. पण शेंडा हलला नाही म्हणून बुंधा सुखरूप, असं होत नाही.

डोक्यावरचं ३५० टनांचं गाठोडं चटकन हलत नाही. स्फोटाच्या क्षणी ते जणू आभाळाला टांगलेलं असतं. खाली पाया घट्ट. मग मार बसतो तो मधल्या नळीला, आणि दोन्ही टोकं धरलेल्या छडीसारखी ती मध्येच फुगते. मोड म्हणजे झुलण्याची तऱ्हा. शेंडा झुलतो तो पहिला मोड, आणि हा मनोऱ्याचा दुसरा मोड, साधारण २.९ हर्ट्झचा. त्याचं गणित केलं तर मध्यावरचा फुगवटा दहा सेंटिमीटर येतो. शेंड्याच्या सोळापेक्षा कमी, पण वक्रता कितीतरी जास्त. बुंध्याशी मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, येतो १६० ते १७० मेगान्यूटन-मीटर. वाऱ्याच्या रेट्याने तिथे येणारा मोमेंट सत्तरच्या आसपास असतो. म्हणजे शेंड्याकडे पाहिलं तर वाऱ्याच्या एक-तृतीयांश, आणि बुंध्याकडे पाहिलं तर वाऱ्याच्या दुपटीहून जास्त. एकाच स्फोटाची ही दोन उत्तरं आहेत, आणि फक्त पहिल्या मोडवर विसंबणाऱ्याला त्यातलं चुकीचं उत्तर मिळतं.

ताणाच्या भाषेत बोलू. बुंध्याच्या छेदाचं क्षेत्रफळ ०.६६ चौरस मीटर. त्यावर सातशे टनांचं वजन बसलं तर दाबाचा ताण फक्त १० मेगापास्कल. वाऱ्याचा ताण ७२. दुसऱ्या मोडचा १७०. तिसरा मोडही गप्प बसत नाही. वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढायच्या रीतीने तो धरला की स्फोटाचा ताण दोनशेवर जातो. सगळं एकाच दिशेला, एकाच क्षणी आलं तर बेरीज २८० मेगापास्कल. एस३५५ या दर्जाचं पोलाद या जाडीला ३४५ वर नमतं, म्हणजे कायमचं वाकू लागतं. म्हणजे मनोऱ्याच्या विरोधात एवढं झुकवलेलं गणित करूनही तो नमण्याच्या अलीकडेच राहतो. लहरीचा वेग सेकंदाला पाचशे मीटर धरला तर ती सहा मीटरची नळी बारा मिलिसेकंदांत ओलांडून मागे पोहोचते आणि मागून ढकलू लागते. गोल आकारावर दाबही निसटता लागतो. म्हणून खरा आवेग मी धरल्याच्या निम्म्याच्या आसपास असेल, असं माझं मत आहे. मग स्फोटाचा ताण शंभरच्या घरात येतो.

तो १० मेगापास्कलचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. इमारतीचा खांब आपल्या ताकदीचा मोठा हिस्सा नुसता वजन पेलण्यात खर्च करत असतो. म्हणून एक खांब गेला की वरचं सगळं खाली येऊ शकतं. पवनचक्कीच्या मनोऱ्यात वजनाचा फारसा वाटा नाही, तो जवळपास सगळा वाऱ्याच्या वाकवण्यासाठीच बांधलेला आहे. आणि वारा सोसायला दिलेली ही जाडी स्फोटाच्या वेळी आयती कामाला येते.

आता घंटेची थरथर, म्हणजे पत्र्याचं काय होतं ते. बुंध्याची त्रिज्या आणि जाडी यांचं गुणोत्तर ८५. बाहेरून दाब आला की अशी नळी चेपते, रिकामी प्लास्टिकची बाटली दाबल्यावर आत जाते तशी. खऱ्या मनोऱ्यात दोन फ्लँजमध्ये (तुकडे बोल्टने जोडणाऱ्या जाड कड्यांमध्ये) असतो तसा वीस मीटरचा तुकडा घेऊन, बाहेरच्या स्थिर दाबाखाली तो कधी चेपेल हे जुन्या सूत्राने काढलं, तर उत्तर येतं ४.३ बार. स्फोटाचा शिखरदाब ४.२. दोन्ही आकडे इतके जवळ येणं हा योगायोगच, पण तो बोलका आहे. स्फोटाचा दाब चहूबाजूंनी नसून एका बाजूने, आणि क्षणभरच असतो. म्हणून तीस मीटरवर मोठा पोचा पडेल असं वाटत नाही. पत्र्याच्या कडेला हात फिरवला तर हाताला लागेल न लागेल अशी विकृती कदाचित राहील.

मात्र अंतर निम्मं करा. पंधरा मीटरवर त्याच भारतीय तक्त्यात परावर्तित दाब चार बारवरून चाळीसच्या वर जातो. अंतर निम्मं, दाब दहापट. तिथे पत्रा चेपणार हे सांगायला संगणक लागत नाही. आणि पोचा पडलेली नळी ही वेगळीच नळी असते. गोलपणा गेला की वाकण्याची ताकद जाते. असा मनोरा स्फोटाच्या क्षणी पडेलच असं नाही. तो उभा राहील, आणि मग पुढच्या सोसाट्याच्या वाऱ्याला पोच्याच्या जागी घडी पडून बसेल. मनोऱ्याला धक्का देतो स्फोट, पण पाडायचं काम बहुधा वाराच करतो, हे या सगळ्या गणितातून माझ्या मनात पक्कं बसलं.

आणि दार! संदर्भ मनोऱ्याला दारच नाही. ती एक निमुळती, अखंड नळी आहे. फ्लँज नाही, शिडी नाही, दार नाही. खऱ्या मनोऱ्याला बुंध्याशी माणूस जाईल एवढं लंबगोल भोक पाडलेलं असतं, भोवती जाड चौकट वेल्ड केलेली असते आणि त्यात पातळ पत्र्याचं दार. त्या दाराचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलं आणि तोंड रस्त्याकडे असलं, तर त्यावर क्षणभर साठ टनांचा मार येतो. बिजागऱ्या आणि कडी वाऱ्यापावसासाठी केलेल्या असतात. दार आत उडतं, आणि लहर नळीत शिरते. कित्येक मॉडेलमध्ये आत, दारासमोरच, स्विचगिअरची कपाटं आणि वर जाणाऱ्या केबल. मनोरा पडणार नाही, पण पवनचक्की बंद पडेल ती बहुधा इथून. दार रस्त्याच्या उलट बाजूला असेल तर लहर त्यावर आपटत नाही, वळसा घालून येते. मग दाब एक बारच्या आसपास किंवा खाली. तोही दाराला झेपेल अशी खात्री मी देणार नाही, पण चारपटीचा फरक फुकटात मिळत असेल तर का सोडावा?

वर पाहू. पातं खाली आलं की त्याचं टोक जमिनीपासून २७ मीटरवर असतं, स्फोटापासून तिरकं अंतर चाळीस मीटर. तिथे परावर्तित दाब पावणेदोन ते दोन बार. पातं १७.७ टनांचं, साडेएकसष्ट मीटर लांब. पसरून धरलं तर चौरस मीटरला नव्वदएक किलो भरतं. बुंध्याचा पत्रा २७५ किलो. म्हणजे सारख्या आवेगाला पातं तिप्पट वेगाने मागे जाईल, आणि ते पोलाद नाही, काचतंतूचं आहे. ते नमत नाही, चिरतं, थर सुटतात. त्यातही पातं कसं वळलेलं आहे यावर बरंच अवलंबून. चालू चक्कीत त्याची रुंद बाजू वाऱ्याकडे असते. बंद करून पातं फिरवून ठेवलं असेल तर कड समोर येते. नॅसेलचं कवचही काचतंतूचंच. ते स्फोटापासून ९५ मीटरवर, तरी तिथे परावर्तित दाब ३५ किलोपास्कल भरतो, पन्नास वर्षांच्या वादळाच्या दहापटीहून जास्त. कवचाचे तुकडे खाली पडले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

थोडं सॉफ्टवेअरबद्दल, कारण या विषयावरचे बरेच अभ्यास त्यातूनच येतात. एलएस-डायनासारख्या प्रणालीत स्फोटाचा भार एका ओळीत लावता येतो. वजन आणि जागा सांगितली की काम झालं. पण ती ओळ लहर कशी वळसा घालते हे सोडवत नाही. ती मॉडेलमधल्या पत्र्याच्या प्रत्येक चौकोनाचं स्फोटापासूनचं सरळ अंतर आणि कोन बघते. नळीची पाठ सावलीत आहे हे तिच्या गावीही नसतं. सपाट भिंतीला हे चालतं, गोल मनोऱ्याला त्यातून येणारं उत्तर जपून वाचावं. दुसरी खोट उलट्या दिशेची. झपाट्याने ताणलं की पोलाद जास्त ताकद दाखवतं, त्यासाठी कूपर-सायमंड्स सूत्रात ४०.४ आणि ५ हे अंक सर्रास टाकले जातात. ते सौम्य पोलादाचे अंक आहेत. एस३५५ ला ते लावले तर सेकंदाला एक या ताणदरालाच ताकद जवळजवळ दीडपट दिसते. या दोन चुका एकमेकींना कापून उत्तर बरं दिसलं, तर ते नशीब म्हणायचं, अभ्यास नव्हे.

स्फोटानंतर पाहणी करायला गेलो तर मी काय बघेन? ग्रिड तुटल्याने किंवा हादऱ्याच्या सेन्सरने चक्की आधीच तातडीने थांबलेली असेल, आणि असं थांबणं हाच मनोऱ्याला एक वेगळा हिसका असतो. दुसऱ्या मोडची थरथर एक टक्का अवमंदनाने (कंप आपोआप विरण्याच्या प्रमाणाने) चारएक सेकंदांत निम्मी होते. त्यातून थकव्याचं नुकसान नगण्य, कारण वीस वर्षांत मनोरा कोट्यवधी झोके खातो. म्हणून वेल्डच्या आयुष्याचा नवा हिशेब मांडण्यात वेळ घालवणार नाही. सरळ बुंध्याशी जाऊन व्यास मोजेन, दर पंचेचाळीस अंशांवर, जमिनीपासून पहिल्या फ्लँजपर्यंत. एकमेकांना काटकोनातले व्यास वेगळे आले तर पुढचं सगळं थांबवायचं. मग दाराच्या चौकटीचे कोपरे, रंग काढून, भेगांसाठी. मग फ्लँजच्या बोल्टचा ताण. तेवढं होईपर्यंत पाती फिरवून ठेवलेली आणि वर कुणी चढायचं नाही.

रस्ता हलवता आला तर? तीसऐवजी साठ मीटर केलं की बुंध्यावरचा परावर्तित दाब ४.२ बारवरून एक बारच्या थोडा खाली उतरतो. दाराचा साठ टनांचा मार चौदा टनांवर येतो. पात्याच्या टोकालाही निम्म्याहून जास्त सूट मिळते. नॅसेलचं तिरकं अंतर मात्र ९५ वरून फक्त १०८ मीटर होतं. तिथला दाब जेमतेम कमी होतो. खाली रस्ता दुप्पट लांब गेला, हे वरच्या कवचाला जवळपास जाणवतच नाही.